शनिवारची मॅच

(बोईसर स्टेशनजवळचं मोबाइलचं छोटं दुकान. दुपारची वेळ. दारात मासळीची रिकामी पाटी टेकवलेली.)

सुगंधा : मग शनिवारची मॅच कोन जिंकलं म्हनतेस?

हेतल : आपलेच की वहिनी, निळे लांडगे. तीन-दोन. अगदी शेवटी गोल झाला.

सुगंधा : मगाशी तीन-एक म्हनालीस.

हेतल : तीन-दोनच. गिऱ्हाईक होतं ना समोर, तोंडातून काहीतरी निघून गेलं असेल.

सुगंधा : असंल. कुठं झाली?

हेतल : पोलंडमध्ये.

सुगंधा : ह्यांचा तर काल फोन होता. म्हनाले, शनवारी घरचीच मॅच होती. मदल्या दोन सुट्ट्यांत मशीन फिरवून बर्फ सारवला, हात भरून आले.

हेतल : मग मीच चुकले. चार देशांच्या टीम, रोज कुठे ना कुठे मॅच. डोक्यात गोंधळ होतो.

सुगंधा : आधी नाय व्हायचा. गनपतीनंतर हे तिकडं बर्फाच्या कामाला गेले, ती बर्फावरच्या हॉकीची लीग सुरू झाली, तेव्हा तूच मला या स्टुलावर बसवून एकेक दाखवायचीस. हे आपले लाटव्हियावाले, हे एस्टोनियावाले. काळी चकती कुठं गेली ते मला दिसायचं नाय, तर तू बोटानं दाखवायचीस. एकदा मशीन फिरवताना हे दिसले, तर तू आख्ख्या दुकानाला दाखवलंस, आमचे रूपेशदादा म्हनून.

हेतल : दाखवलं होतं.

सुगंधा : मग आज दाखव. शनवारची.

हेतल : ॲप चालत नाही हो. अपडेट मागतंय.

सुगंधा : मोबाइलच्या दुकानात बसतेस, लोकांचे फोन दुरुस्त करतेस, आनि फेब्रुवारी लागल्यापासून तुजं एक ॲप चालत नाय.

हेतल : वहिनी, तुमच्या मनात काय आहे? सरळ बोला.

सुगंधा : सरळ बोलते. गेल्या मंगळवारी मी तुज्यासाठी कोलंबी घेऊन आले. तू आत पिशवी आनायला गेलीस आनि तुजा फोन या काचेवर वाजला. नाव आलं रूपेशदादा. माज्या फोनवर व्हॉट्सॲपला त्यांचा जो बाहेरदेशचा नंबर येतो, तो नव्हता. आपला इथला नंबर होता. तू बाहेर आलीस, फोन उलटा ठेवलास, आनि मला विचारलंस, कोलंबी कशी दिली.

हेतल : तुम्ही तेव्हाच का नाही विचारलं?

सुगंधा : काय विचारू? माजा नवरा तुला कशाला फोन करतो, असं? या बाजारात? त्या रात्री मी तुज्याबद्दल काय काय मनात आनलं ते तुला सांगनार नाय. पन आनलं.

हेतल : शी वहिनी. दादा म्हणते मी त्यांना.

सुगंधा : म्हनून तर आठवडाभर गप्प बसले, तुज्या तोंडाकडं बगत. रोज येऊन मॅच विचारली. तू रोज सांगितलीस. कधी जिंकवलंस, कधी हरवलंस. परवा एकाचा दात पन पाडलास.

हेतल : कोणी सांगितलं तुम्हाला?

सुगंधा : माजी भाची स्वरा पालघरला कॉलेजला हाय. तिला म्हटलं, ही टीम शोध. तिनं बातमी काडली, त्यांच्या भाषेतली, मग फोनकडूनच मराठी करून घेतली. निळे लांडगे जानेवारीत लीगमधून बाहेर. कंपनीनं हात काडून घेतला, खेळाडू आपापल्या घरी गेले, उरलेल्या मॅच रद्द. मैदानाच्या दरवाजाचा फोटो होता, कुलूप लावलेला. मग शनवारी कोन जिंकलं, हेतल?

हेतल : बसा ना वहिनी. पाणी घ्या.

सुगंधा : पानी नको. ते कुठं हायत?

हेतल : ठाण्याकडे. एका मॉलमध्ये.

सुगंधा : मॉलमध्ये काय करतात?

हेतल : तेच, बर्फ. तिथे लहान मुलांसाठी छोटं मैदान आहे, बर्फावर घसरायचं. शनिवार-रविवारी वाढदिवस असतात. दादा ते सांभाळतात.

सुगंधा : म्हंजे ती पोरगी. एकदा फोनवर मला बर्फ दाखवत होते, तर मागनं एक पोरगी गेली, प्लास्टिकचा मोठा पक्षी धरून घसरत. मी विचारलं ही कोन, तर म्हनाले, खेळाडूची मुलगी. मग आवाज आला, अंकल, मेरा जूता टाइट है. मी विचारलं, तिकडं हिंदी बोलतात? तर फोन कट झाला. म्हनाले, नेटवर्क. कधीपासून हायत तिथं?

हेतल : जानेवारी संपता संपता आले. विमानतळावरूनच घरी फोन केला होता.

सुगंधा : मला नाय आला.

हेतल : रखमामावशींना केला. त्या म्हणाल्या, घरी येऊ नकोस.

सुगंधा : माजी सासू म्हनाली?

हेतल : तुमच्या नणंदेचं, हेमालीचं लग्न ठरलंय ना नवापूरला. बोलणी झाली तेव्हा मावशींनी सांगितलं होतं, पोरीचा भाऊ परदेशात आहे, मोठ्या लीगमध्ये आहे. त्या लोकांनी ते गावभर केलं. आता तोच भाऊ चार महिन्यांत परत आला, तर म्हणतील काहीतरी भानगड करून आला. लग्न होईपर्यंत लांब राहा, म्हणाल्या. मग दादांनी मला फोन केला. वहिनी रोज तुझ्याकडे मॅच विचारायला येते, तिला सांभाळून घे. मी नाही म्हटलं होतं.

सुगंधा : पन केलंस.

हेतल : आधी वाटलं, एक-दोन आठवडे. मग रोज तुम्ही यायचात, हसत विचारायचात. एकदा जिंकले म्हटल्यावर तुम्ही मला फुकटात हलवा मासा दिलात. तो हातात घेताना लाज वाटली मला.

सुगंधा : पन खाल्लास.

हेतल : खाल्ला.

सुगंधा : आता मला सासूचं कळतंय. दर बुधवारी विरारला बहिनीकडं जाते म्हनून निघायची, डब्यात ताज्या बोंबलाचं कालवन. मी म्हटलं, म्हातारीला बहिनीची माया आली. परवा त्याच बहिनीचा फोन आला, आमची रखमा गौरीनंतर फिरकली नाय. मी सासूला काय बोलले नाय. नुसतं म्हटलं, बोंबील जरा जास्त घेऊन जा. तर माज्याकडं बगितलं आनि पदर सारखा केला.

हेतल : तुम्ही आठ दिवस हे सगळं पोटात ठेवून होतात?

सुगंधा : लाव त्यांना फोन.

हेतल : आत्ता? वहिनी, ते कामावर असतील.

सुगंधा : लाव. स्पीकर चालू कर. मी हाय ते सांगू नको.

हेतल : ...हॅलो, दादा?

रूपेश : बोल हेतल. आज काय सांगायचं तिला? काल मी घरची मॅच सांगून बसलो. तू दुसरंच काय सांगितलं नायस ना? जरा जुळवून घेत जाऊ.

सुगंधा : आता जुळवायची गरज नाय.

रूपेश : ...

सुगंधा : नेटवर्क गेलं काय?

रूपेश : नाय. हाय मी.

सुगंधा : मला का नाय सांगितलंत?

रूपेश : सुगंधा, आई म्हनाली...

सुगंधा : आईचं मी आईला विचारीन. तुमचं सांगा.

रूपेश : तू बोईसरच्या बाजारात बसतेस. शेजारच्या ओट्यावर कोन बसतं? उषामावशी. नवऱ्या मुलाची सख्खी आत्या. ती रोज तुला विचारनार, हेमालीचा भाऊ कसा हाय, मॅच कशी झाली. तुज्या मनात असतं ते तुज्या तोंडावर दिसतं. तुला म्हाईत नसलं तरच तू नीट बोलशील, असं वाटलं.

सुगंधा : बुधवारपासून मला टीम मोडल्याचं म्हाईत हाय. रोज त्या ओट्याशेजारी बसले. उषामावशीनं रोज विचारलं. मी रोज सांगितलं. तुमचे लांडगे जिंकले, हरले, बर्फ सारवला. तिच्या तोंडावर तर काय दिसलं नाय. माज्या तोंडावर दिसलं का, ते तुमच्या हेतलला विचारा.

हेतल : नाही दिसलं, दादा. मलासुद्धा नाही.

रूपेश : तू रागावलीस.

सुगंधा : तिकडं झालं काय? खरं सांगा. काय केलंत तुमी?

रूपेश : मी काय करनार? त्या दिवशी मॅचसाठी पहाटेच बर्फ तयार केला होता. बर्फात लाल-निळ्या रेघा असतात, त्या मीच भरलेल्या, त्यावर पान्याचे पातळ थर दिलेले. सातपाटीच्या बर्फ कारखान्यात लाद्या काडल्या, पन असा बर्फ आयुष्यात नव्हता केला. दुपारी मॅनेजर आला, म्हनाला मशीन बंद कर. मला वाटलं, बिघाड हाय. म्हनाला, टीम नाय राहिली. पोरं कपड्यांच्या बॅगा घेऊन निघाली, एकेक हात मिळवून गेला. मी दोन दिवस तिथंच होतो. काम काय नव्हतं. बर्फ सुटत होता ते बगत बसायचो. आधी कडेनं पानी, मग रेघा पसरल्या, निळ्यात लाल. शेवटी खाली नुसतं सिमेंट. पानी खराट्यानं ढकलून काडलं आनि चावी दिली.

सुगंधा : हे त्या दिवशी मला सांगितलं असतंत, तर मी काय म्हनाले असते?

रूपेश : म्हाईत नाय.

सुगंधा : म्हनाले असते, या घरी. दुसरं काय म्हननार होते?

रूपेश : सातपाटीत ढोल लावून मला निरोप दिला होता. मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी शाल घातली. मी गल्लीतून परत कसा येऊ? आईनं येऊ नको म्हटलं तेव्हा खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

सुगंधा : आनि मी इथं बाई शोधत होते तुमची. कधी त्या गोऱ्या लोकांतली, कधी ही समोर बसलीय ती. आमच्या दोगींच्या मदे आता ते राहनार.

रूपेश : हेतलचा दोष नाय त्यात.

सुगंधा : तो आमी बगू. ऐका आता. आज सकाळी मी उषामावशीला सगळं सांगितलं.

रूपेश : काय सांगितलंस?

सुगंधा : टीम मोडली, हे परत आले, इथंच कुठंतरी हायत. भानगड काय नाय. आनि घरच्यांनी लपवलं, ते पन सांगितलं. कुठं हायत तेवढं म्हाईत नव्हतं, ते आत्ता हेतलनं सांगितलं. उषामावशीला म्हटलं होतं, ठाव लागला की नीट कळवते.

रूपेश : सुगंधा, लग्न मोडेल.

सुगंधा : मोडेल कदाचित. ती मासळी विकत राहिली. उठताना म्हनाली, रविवारी आमी चौगं येतो, मुलाला पन आनतो, हेमालीचा भाऊ घरात दिसायला पायजे. चांगलं तोंड होतं की वाईट, मला नाय कळलं.

रूपेश : आईला विचारलंस? हेमालीचं आयुष्य हाय ते.

सुगंधा : हेमालीलाच विचारलं. काल संध्याकाळी, सुकी मासळी उचलताना. तुमी, तुमच्या आईनं, कुनी तिला विचारलं होतं काय? ती पोरगी पन तुमाला लाटव्हियातच समजत होती. म्हनाली, वहिनी, सांगून टाक. लग्नानंतर कळलं तर त्या घरात मला एकटीला ऐकून घ्यावं लागेल. आता कळलं तर आपन सगळे तरी हाव. म्हनून सांगितलं. नायतर आनखी आठ दिवस गप्प बसले असते.

रूपेश : ती रडली काय?

सुगंधा : नाय. सगळी मासळी उचलून झाल्यावर विचारलं, दादा जेवतो कुठं.

रूपेश : शनवारी रात्री कामावरनं सुटलो की येतो. उशीर होईल, पन येतो.

सुगंधा : रात्री नको. रविवारी सकाळी या, लोक बंदरावर असतील तेव्हा. पालघरहून बस पकडा, सातपाटीला स्टँडवर उतरा आनि घरापर्यंत चालत या. रिक्षा नका करू. कुनी विचारलं तर थांबा, बोला.

रूपेश : सगळ्यांच्या समोरनं?

सुगंधा : मी स्टँडवर असेन.

रूपेश : बरं.

सुगंधा : ठेवा आता. पोरांचे बूट बांधायचे असतील.

हेतल : वहिनी.

सुगंधा : हं.

हेतल : मला माफ करणार नाही तुम्ही?

सुगंधा : आज काय म्हनू नको मला. पाटी उचलायला हात लाव.

हेतल : मी येऊ का रविवारी? मदतीला? चार माणसं येणार, चहा, पोहे...

सुगंधा : ये.

हेतल : नक्की येऊ?

सुगंधा : ये म्हटलं ना. पन तिथं कुनी काय विचारलं, तर जे हाय तेच सांग.