पाळी सोडून टाकलेले पत्ते

(१९९७, दिवाळीचा पाडवा. कळमनुरीजवळचा एक तांडा. भरदुपारी लिंबाखाली घोंगडी, मधोमध चिंचोक्यांचा ढीग. तीन पत्तीचा डाव मांडून थोरल्या भावाच्या वाट्याला बसलेली रुख्मिणीबाई आणि तिचे दोन धाकटे दीर, खेमा आणि सुदाम.)

सुदाम : थांबा जरा, वैनी. चिंचोके ओढू नका.

खेमा : काहून? तू पत्ते टाकून डाव सोडला, मीबी टाकले. वैनी एकल्या उरल्या. बाबाची गाय त्यांची झाली.

सुदाम : पन पाळी तुझी होती ना. वैनीनं मोठी चाल केली, मला वाटलं आता तूबी वाढवशील. घाईघाईत टाकून बसलो. तू टाकणार हे ठाऊक असतं, तर दोघंच उरलो असतो अन् मी शो मागून दोघांचे पत्ते उघडायला लावले असते.

खेमा : टाकले ते टाकले. बाबा गेले, गाय एक, वाटेकरी तीन. एका डावात काय ते होईल, असं तूच म्हणला होता.

सुदाम : तांड्याच्या नायकाला इचारू.

खेमा : नायक गेला जवळा बाजार गावाला. अन् त्याला काय इचारतो? हा खेळ आपल्याला वैनीनंच शिकवला. वैनी, सांगा तुमीच.

रुख्मिणी : मी सोता डावात हाय रे. मी कसा निवाडा करू?

सुदाम : करा. तुमी म्हणाल ते कबूल.

रुख्मिणी : मंग खेमा, खरं सांग. सुदामनं टाकलेले पाहून तू टाकले का?

खेमा : न्हाई. माझ्या हातात नुसती दुर्री-तिर्री. टाकणारच होतो.

रुख्मिणी : सुदाम, तुझे पत्ते दुसऱ्यात मिसळले? कोणी उलथून पाहिले?

सुदाम : न्हाई. हे काय, गुडघ्यापाशी पालथे पडलेत.

रुख्मिणी : मंग तुझ्या घाईनं कोणाचं काही बिघडलं न्हाई. तुझी पाळी तर आत्ता आली. उचल. पन पाळी सोडून पत्ते टाकले, त्याची सजा हाय. चाल वाढवता यायची न्हाई. माझ्या बराबरीचे चिंचोके टाकून शो माग, न्हाई तर ठेवून दे.

खेमा : वैनी, घरात निलम बाळंतीण हाय. लेकराला तिचं दूध पुरत न्हाई. गाय तुमच्या दावणीला बांधल्यात जमा होती.

रुख्मिणी : माझी लेक हाय ती, मला ठाऊक न्हाई का? उचल, सुदाम.

सुदाम : हे घ्या चिंचोके. शो.

रुख्मिणी : दाखव.

सुदाम : सत्तीची जोडी. एवढीच.

रुख्मिणी : हे माझे.

खेमा : बादशा, नव्वी, चौकी. ना कलर, ना जोडी. एवढ्यावर येवढी मोठी चाल केली तुमी?

रुख्मिणी : भेव दाखवलं. खेळात चालतं ते.

खेमा : म्हंजे ‘उचल’ म्हणताना तुमाला बराबर ठाऊक होतं, तो उचलणार अन् गाय चालली.

रुख्मिणी : जाईल असं वाटलंच होतं.

खेमा : अन् तरी?

रुख्मिणी : हातातले पत्ते पाहून निवाडा करायचा असता, तर तुमी मला कशाला इचारलं असतं? ऊठ, सुदाम. उन्हं उतरायच्या आत ने तिला. धार काढताना अंगावरून हात फिरव, बिचकती. निलमच्या लेकराचं मी पाहीन.

खेमा : जा ना. काय पाहून राहिला वैनीकडं?

सुदाम : खेमा, दावं तू सोड. माझ्या हातानं गाठ सुटायची न्हाई आज.