हाकेला ओ

जरा जवळ सरका, ताई. अजून थोडं. हां, असं. माझा आवाज आता एवढाच आहे, पंखा बंद करा हवं तर, नाहीतर मी सांगेन एक आणि तुम्ही लिहाल भलतंच. मधूनमधून पाणी पिईन, तेवढं चालवून घ्या.

माझं नाव सुमन. माहेर कसबा पेठेतलं, तांबट आळीतलं. वडील तांब्याचे हंडे आणि बंब ठोकायचे, काका ठोकायचे, समोरचे ठोकायचे, शेजारचे ठोकायचे, सकाळी जो ठणठणाट सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा, आणि त्या ठणठणाटात आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो, सगळं केलं. आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. शाळेत मी धडा वाचायला उभी राहिले की बाई म्हणायच्या, सुमन, धडा वाचतेस की दवंडी देतेस? आणि सगळा वर्ग हसायचा. पण वडिलांनी मला एक गोष्ट शिकवली बघा. लहान होते, त्यांना जेवायला बोलवायला जायचे, ओरडून ओरडून घसा कोरडा पडायचा तरी त्यांना ऐकू जायचं नाही. एक दिवस त्यांनी हातोडा खाली ठेवला, मला म्हणाले, बाळ, घावाच्या वर ओरडू नकोस, घाव जिंकतो. दोन घावांच्या मध्ये बोल. घाव पडला की पुढचा पडायच्या आत शब्द टाक, बघ कसा येतो माझ्याकडे. आणि खरंच जायचा हो. जन्मभर तेवढ्यावरच मी आवाज काढला.

लग्न होऊन बिबवेवाडीत आले. आमचे हे मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला, स्वभावाने अगदी मुके. मी स्वयंपाकघरातून अहो म्हटलं की म्हणायचे, जरा हळू, शेजारचे अहो पण बाहेर येतील. तर अशी माझी गंमत. मी शेजारणींत गप्पच बसायचे मग, कुणाला त्रास नको.

आता पहिल्यांदा काय झालं ते सांगते. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाणीच येईना. खडकवासल्यात पाणी आहे म्हणायचे, आणि आमच्या नळाला नुसती हवा. मग बायकांनी ठरवलं, हंडा मोर्चा काढायचा. घोषणा द्यायला एक शिकलेल्या बाई होत्या, कागदावर लिहून वगैरे आणलं होतं त्यांनी. पाणीखात्याच्या साहेबांच्या ऑफिसपुढे आलो, शंभरेक बायका, आणि त्या बाईंच्या तोंडून आवाजच फुटेना! पाचावर धारण बसली त्यांची. बायका नुसत्या हंडे बडवतायत, ठण ठण ठण, आणि काय सांगू तुम्हाला, तो आवाज कानावर पडला आणि मला माझी आळीच आठवली. मला कळलंच नाही मी कधी तोंड उघडलं. दोन ठोक्यांच्या मधे मी ओरडले, खडकवासला कुणाचा? आणि शंभर बायका एकदम म्हणाल्या, आमचा, आमचा!

ताई, मी घाबरले. खरं सांगते. आयुष्यात माझ्या बोलण्याला एवढ्या माणसांनी कधी ओ दिली नव्हती, घरात एक माणूस ओ द्यायचा तोही कुरकुरत. अंगावर सर्रकन काटा आला, आणि वाटलं, हे मी केलं? हे माझ्यातून आलं? मग परत ओरडले, खात्री करून घ्यायला. परत आलं. साहेब बाहेर आले, आश्वासन दिलं, पाणी तिसऱ्या दिवशी आलं म्हणा, पण मी घरी आले ती वेगळीच होऊन आले. ह्यांनी विचारलं, काय झालं, ताप आलाय का? म्हटलं, नाही, लोक बोलले.

तिथून मग मला सगळीकडून बोलावणी. निवडणुकीची फेरी असो, मोर्चा असो, दहीहंडी असो, कुणाच्या लग्नात पंगतीला माणसं बसवायची असोत, बोलवा सुमनताईंना. पगारी नाही हो, एखादी साडी, वडापाव, चहा. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून चांगले चष्मेवाले, पेन्शनीतले लोक खुर्च्या उगारायला लागले ना, तरी सेक्रेटरी माझ्याकडेच बघायचे. मी नुसतं ए म्हणायचे, बसायचे सगळे. आपल्याकडचा माणूस कसा असतो माहितीये ना तुम्हाला, एकटा असला तर गुड मॉर्निंगलासुद्धा कोण आपण म्हणून बघेल, आणि तोच पाचशेत उभा केला की अनोळखी बाईच्या हाकेला घसा फोडून ओ देतो. मला याचं फार नवल वाटायचं, अजून वाटतं. कुठून येतं हे त्याच्यात? घरी ठेवलेलं असतं का कुठे?

एकदा तर कहर झाला. निवडणुकीचे दिवस होते, सकाळी मी एका पक्षाच्या तात्यांच्या फेरीला गेले होते आणि दुपारी दुसऱ्या पक्षाच्या नानांच्या. हसू नका, शेजारी होते दोघंही, नाही कुणाला म्हणणार? तर नाना जीपमध्ये उभे, गळ्यात हार, मागे ही गर्दी, ताशे, फटाके, आणि मी सवयीने ओरडले, तात्यांचा! म्हटलं आणि जीभ चावली. संपलं, म्हटलं, आता मारतात मला. आणि मागची सगळी गर्दी एका सुरात म्हणाली, विजय असो! एवढंच कशाला, जीपमधले नानासुद्धा मूठ वर करून म्हणाले, विजय असो! फक्त नानांच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं नाव नीट घेतलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस पोट धरून हसला. पण मला मात्र हसू येता येता भीती वाटली. म्हणजे गर्दी शब्द ऐकतच नाही. हाक ऐकते, आणि मागचा पुढचा विचार न करता ओ देते. केवढी ताकद, आणि कुणाच्याही हातात!

हे गेले नंतर, हृदयविकाराने. मुलाचं लग्न झालं, रेश्मा आली. रेश्मा माझी सून, संगणकाच्या कंपनीत आहे, घरातनं काम करते, कानाला ते लावलेलं असतं आणि मी फोनवर बोलायला लागले की दार उघडून म्हणायची, आई, प्लीज, जरा हळू, माझी मीटिंग चालू आहे, परवा माझ्या साहेबांनी विचारलं तुमच्याकडे कसलं भांडण चाललंय. मला राग यायचा. म्हटलं, तुझ्या मीटिंगला कुणी टाळ्या तरी वाजवतं का? अशी आमची धुसफूस, रोजची.

मग माझा आवाज बसायला लागला. एकदा बसला, दोनदा बसला, मग उठेचना. मी मध-आलं करत बसले, पण रेश्माने रजा टाकली आणि मला धरून डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधी होती, देवाची कृपा, पण काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, आणि आरडाओरडा तर तीन महिने विसरा. आत्ता ओरडलात तर आवाज जो जाईल तो परत येणार नाही, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. रेश्माने मला पाटी आणून दिली, पेन्सिल दोरीने बांधली. म्हणाली, आई, आता किती शांत वाटतंय ना? मी पाटीवर लिहिलं, तुला.

नवव्या दिवशी आमच्या चौकात दहीहंडी. रेश्मा असल्या गोंगाटाला नाकं मुरडणारी, पण त्या वर्षी ती बघते त्या मालिकेतली नटी येणार होती. मग काय, पिवळी ओढणी घेऊन बाई चारलाच तयार. मला म्हणाली, आई, तुम्ही लांब उभ्या राहा, आणि तोंड मिटून. मी औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले, ती गेली पुढे, अगदी स्टेजसमोरच्या लोखंडी कठड्यापाशी. हजारो माणूस असेल हो. छातीत धडधडेल असलं संगीत, पिपाण्या, शिट्ट्या, थर लागतायत, पडतायत, परत लागतायत. माझ्या पायाखालची पायरी थरथरत होती. पाटी उराशी धरून मी आपली डोळे भरून बघत होते, म्हटलं बाई गं, काय हा जीव आहे माणसांच्यात!

नटी आली, तिने वरून टोप्या फेकायला सुरुवात केली, आणि मागच्यांनी पुढे रेटा दिला. त्यातच जनरेटर बंद पडला. संगीत गेलं, माइक गेला. मागच्यांना वाटलं, आता नटी जाईल, म्हणून अजून रेटा. पुढून किंकाळ्या यायला लागल्या पण मागचे समजले, आनंदानेच ओरडतायत. मी उंचावर होते म्हणून मला दिसलं. कठड्यावर माणसं दाबली गेली होती आणि त्यांत ती पिवळी ओढणी. रेश्माचं तोंड वर होतं, उघडं होतं, पण हात दिसत नव्हते तिचे. स्टेजवरचे लोक हात हलवून ओरडत होते, मागे सरका, मागे सरका. कोण ऐकतंय! विनवण्यांनी गर्दी हलत नाही, हे मला माहीत होतं. आणि कशाने हलते तेही माहीत होतं, तिथे तेव्हा फक्त मलाच.

डॉक्टर आठवले का, म्हणाल. आठवले ना. चांगले आठवले. पाटी खाली ठेवली, भिंतीला टेकवून, नीट. घाव कुठे पडतोय ते ऐकलं. गर्दीचाही एक श्वास असतो ताई, ओरडते, मग श्वास घेते. त्या श्वासात मी टाकला शब्द, गणपती बाप्पा! आणि पुण्याचा माणूस, मरणाच्या दारात असला तरी याला ओ देणारच. आजूबाजूचे शे-दीडशे म्हणाले, मोरया! परत टाकला. आता हजार म्हणाले. तिसऱ्यांदा सगळा चौक म्हणाला आणि मागच्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घशात आत काहीतरी टरकन फाटलं, तोंडात रक्ताची चव आली. थांबले असते तर गेलं होतं सगळं. त्याच सुरात ओरडले, एक पाऊल! आणि हात मागे नेऊन दाखवला. मागचे ढोलवाले पोरगे हुशार, ते म्हणाले, मागे! एक पाऊल! मागे! एक पाऊल! आणि ताई, सगळा चौक म्हणायला लागला, मागे! आणि म्हणता म्हणता जायला लागला मागे. हजारो माणूस, एका म्हाताऱ्या बाईच्या ओरडण्यावर, पाऊल पाऊल. कुणी विचारलं नाही, का म्हणून. मी कितीदा ओरडले माहीत नाही, शेवटच्या दोन-तीन हाकांना आवाज नव्हताच, नुसता हात होता. कठड्यापाशी जागा झाली, माणसं बाहेर काढली. कुणाचा हात मोडला, कुणाच्या बरगड्या दुखावल्या, पण सगळी जिवंत.

रेश्मा आली माझ्याकडे ती धापा टाकत, ओढणी नाही, चप्पल नाही. म्हणाली, आई, तुम्ही ओरडलात? आई, हे काय केलंत? आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, माझ्यासाठी, माझ्यासाठी म्हणत. मी पाटी उचलली आणि लिहिलं, आता तू जरा हळू.

आवाज गेला तो गेला. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. वाईट वाटतं का विचारता? वाटतं की. पहिले सहा महिने मी उशीत तोंड घालून रडले, जोरात रडायचीसुद्धा सोय नाही हो. रेश्मा मीटिंगमधून उठून बाहेर यायची, माझ्या तोंडाशी कान न्यायची, म्हणायची, बोला आई. आधी कधी आली होती का एवढी जवळ?

आणि यंदाचं सांगते, मग चहा घेऊ. सोसायटीच्या गणपतीचं विसर्जन, मूर्ती गाडीवर ठेवली, मुलांचे ढोल सुरू झाले, आणि सगळे सवयीने माझ्याकडे बघायला लागले. वर्षानुवर्षं पहिली हाक माझीच ना. मग त्यांना आठवलं, आणि सगळ्यांनी खाली माना घातल्या. मला ते सहन होईना. शेजारी रेश्मा आरतीचं ताट घेऊन उभी, तिची बाही ओढली. ती म्हणाली, मी? छे छे, आई, मला नाही जमणार. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, म्हटलं, घावाच्या वर ओरडू नकोस. दोन घावांच्या मध्ये टाक.

तिने डोळे मिटले. ढोल ऐकला. आणि टाकला. आवाज चिरकला पोरीचा, बाप्पा म्हणता म्हणता फाटला पार. पण अख्ख्या सोसायटीने ओ दिली, गॅलऱ्यांतल्यांनी दिली, पार्किंगवरून खुर्च्या उगारणाऱ्या त्या चष्मेवाल्यांनीही दिली. रेश्मा माझ्याकडे वळली तर डोळे हे एवढे, हातावर काटा. म्हणाली, आई, हे असं असतं?

मी म्हटलं, हो, असं असतं. आवाज नव्हताच, पण तिने ऐकलं.

लिहिलंत सगळं? बरं. तुमच्याही हाकेला कायम कुणीतरी ओ देणारं असो, बाई. आता पंखा लावा.