डॉक्टरांनी गोळी दिली नाही

नाव : सुलोचना सोमनाथ दरडिगे, वय ३१ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. पाली, ता. वेल्हे. माहेर किकवी, ता. भोर.

पोलिसांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी पती सोमनाथ, मुलगी श्रावणी व थोरले दीर धनाजी यांच्यासह राहण्यास होते. पती व दीर गड पाहायला येणाऱ्यांना जेवण करून देत असत.

गेल्या रविवारी सकाळी सरपण काढताना पतींच्या हाताला पान लागले, म्हणजे साप चावला. फुरसे त्यांनी स्वतः पाहिले. मी व दीरांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून फाट्यावरील होमिओपॅथीच्या डॉक्टर अजरा मुलाणी यांच्याकडे नेले. मुलीच्या खोकल्याला आम्ही त्यांच्याकडेच जातो.

डॉक्टर हात पाहून म्हणाल्या, "हे माझ्या गोळ्यांचं काम नाही. सापाची लस सरकारी दवाखान्यातच मिळेल. हात हलवू देऊ नका." त्यांनी १०८ ला फोन लावला. दीर म्हणाले, "गोळ्या द्या की, न्हाईतर डॉक्टर कशाला म्हणवता?" डॉक्टरांनी गोळी दिली नाही. "गाडी येईस्तवर मरंल त्यो," असे म्हणून दीरांनी पतींना पुन्हा मोटारसायकलवर घेतले. मी मागे बसले. मला वाटले, वेल्ह्याला सरकारी दवाखान्यात नेतात. त्यांनी गाडी विष उतरवणाऱ्या गेनबांच्या घराकडे वळवली. मी, "दवाखान्यात चला," म्हणाले. दीर, "तू गप बस," म्हणाले.

तेथे पतींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. "सुलू, चूळ भरायला पानी दे," एवढेच ते बोलले. डॉक्टर रुग्णवाहिका घेऊन आम्हांला शोधत आल्या. दीर दार उघडू देत नव्हते. कडी मी काढली. पती रस्त्यातच वारले. त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते.

दहन झाल्यावर दीर व भावकीतील काहीजण दवाखान्यात गेले. तेथे त्यांनी डॉक्टरांना खुर्चीने मारल्याचे मला गावात समजले. मी तेथे नव्हते. घरी येऊन दीर मला म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं गोळ्या देऊन बसवून ठिवलं, एवढंच सांगायचं. न्हाईतर लेकीला घिऊन किकवीला जायाचं."

श्रावणी कालपासून किकवीस माझ्या आईकडे आहे.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवत असताना दीर खोलीत आले. साहेबांनी त्यांना बाहेर जाण्यास सांगितले. त्यांना थांबू द्यावे अशी मी विनंती केली व जबाब त्यांच्यासमोर पहिल्यापासून पुन्हा वाचावयास लावला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.