गोरखची दाढ

हॅलो?… हॅलो, कोण, आक्का का?… आक्का, मी लंका बोलतेय, डिंभ्यावरनं… लंका ओ, तुमची भावजय… हां, हां. बरी हाय… न्हाई, बरं न्हाई, ऐका ना…

हो, काढले कांदे… हो, भरले बी… आक्का, कांद्याचं राहू द्या. तुमच्या भावाचं बोलायचंय.

'गोरखला काय झालं' म्हंजी… दाढ. दाढ सुजलीय.

दाढंनं काय व्हतंय?… आवो आक्का, अर्धं तोंड सुजलंय! डाव्या अंगाचा गाल एवढा… आता फोनवर कसा दाखवू? आन् आज सकाळपासनं सूज खाली उतरलीय. हनुवटीखाली, पार गळ्यापाशी. तोंड उघडत न्हाई. बोट बी आत जात न्हाई. थुंकी गिळता येईना, लाळंनं पंचा वला झालाय. अंगात ताप…

न्हाई, लवंगेचं काय काम आता?… झाली लवंग. लवंगेचं तेल बी झालं. मेडिकलातली गोळी बी झाली. गोळी खाल्ली की दुखणं थांबायचं, दुखणं थांबलं की हे निघाले धरणावर जाळी टाकायला. वर मलाच, 'बघ, झालं का न्हाई बरं?'

कधीपासनं काय… आवो, मागल्या साली शाळंत दातांचं शिबिर न्हवतं का झालं? मंचरच्या डॉक्टरीणबाई आल्त्या. पोरांचे दात बघितले, मग म्हणल्या, आईबापांनी बी बसा. आमच्या हर्षालीनं बापाला हाताला धरून बसवलं. लेक म्हणली म्हणून बसले, न्हाईतर… हां. तर बाईंनी बघितलं आन् सांगितलं, 'मागच्या दाढेला कीड हाय, पण अजून लहान हाय. मंचरला या, भरून देते. आन् दर सहा महिन्यांनी दाखवत जा, दुखो नायतर न दुखो.'

तेच!… आक्का, हे बी तेच म्हणले! 'दुखत न्हाई तर डॉक्टरकडं कशाला?' अक्षर न् अक्षर तेच. एकाच आईची लेकरं तुमी… न्हाई ओ, टोमणा न्हाई मारत. ऐका ना. विहिरीवरची मोटर जळून धूर निघाल्यावर बघतो का आपण? आवाज बदलला की लगेच मिस्त्रीला बोलावतो. मग दातानंच काय पाप केलंय?…

घासत्यात! काय घासत्यात! बाईंनी ब्रश दिले व्हते. पोरगी रोज रात्री जेवल्यावर घासती, आतनं, बाहेरनं, पार मागपर्यंत, शिकवलं तसं. बापाला म्हणली, 'बाबा, रात्री घासा, न्हाईतर अन्न रातभर दातात कुजतं.' तर म्हणत्यात, 'रात्रीचं दात घासून काय म्हशीला दाखवायचेत?' आन् ह्यांचा ब्रश मला कुठं घावला ठाऊक हाय का? मोटरसायकलच्या पान्यांत. प्लग साफ करायला नेलेला… हसू नका, आक्का. मला न्हाई हसू येत.

केला ना! सकाळीच बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणल्या, 'आत्ताच्या आत्ता निघा. सूज आतनं वाढली तर श्वास कोंडंल. इथं या, लागलं तर मी सोबत येते मोठ्या दवाखान्यात.'… श्वास, आक्का, श्वास! दाढंपायी माणूस जातो हे मला काय ठाऊक? तुमाला व्हतं का?

मग काय! एसटी आलीच न्हाई, म्हणून पीरमहंमदभाईंना जीप घेऊन बोलावलंय. येत्यात ते. पण हे उठायला पायजे ना! भिंतीकडं तोंड करून पडल्यात. काय बी म्हणा, नुसती मान हलवत्यात. भ्यालेत, दुसरं काय. ह्या अंगापिंडाच्या माणसाला सुईचं भ्या… आता दोरीनं बांधून नेऊ का मी? मपलं ऐकत न्हाईत. तुमी त्यांना कडेवर वागवलंय, तुमचं ऐकत्यात. म्हणून म्हणलं, आक्कांनाच फोन लावावा…

एक मिनिट, आक्का… हर्षे, पाणी नको पाजू, ठसका लागंल! उशी लाव पाठीला. ओठ पूस नुसते… हां, बोला.

शेक?… न्हाई न्हाई न्हाई, शेकाचं नाव बी काढू नका! बाईंनी पहिलं तेच इचारलं, 'शेकलं का?' शेकलं ना! वीट तापवून, फडक्यात गुंडाळून, चांगलं शेकलं. बाई अशा चिडल्या! म्हणल्या, शेकल्यानं अजून पसरतं, कोणी सांगितला हा शहाणपणा? हे लगेच भिंतीकडं वळले. आन् दाढेच्या भोकात काय भरलंय म्हणता? मिसरी! तोंड मिटायच्या आधी मीच बघितली, काळी. मला कळंना, घरात मिसरी आली कुठनं? सासूबाई गेल्यापासनं मिसरीचा डबा न्हाई आमच्यात…

काय?

काय म्हणलात?… तुमी दिली?

…कधी?… तुमच्याकडं चहाला थांबले तवा?… मिसरी दाबून भर आन् वरनं वीट शेक, असं तुमी सांगितलं?

आक्का… न्हाई, मी ओरडत न्हाई… हो, ओरडतेय! ओरडू नको तर काय करू? मंचरला चला, मंचरला चला, म्हणून म्हणून मपल्या जिभेला फोड आले. आमी बोललेलं सगळं वाऱ्यावर, आन् तुमी एकदा सांगितलं की लगेच वीट तापती! आन् मी येडी तुमालाच फोन लावते, त्यांना समजवा म्हणून!

…

हॅलो?… आक्का?… हॅलो, हायेत का?… आवो, बोला ना… रडू नका. आक्का, रडू नका. तुमी काय मुद्दाम केलं का… तुमचं दुखणं थांबतं मिसरीनं, म्हणून सांगितलं. कळतंय मला…

पण थांबा. तुमचं काय दुखतंय?… दात न्हाई? मग?… गालाला आतनं?… तिखट सोसत न्हाई… कधीपासनं?… दिवाळीपासनं! आक्का, शिमगा होऊन गेला! आन् मग जेवता काय?… दूधभाकर. नुसती दूधभाकर…

आरशात बघितलं का?… पांढरं दिसतंय?… बोटाला खरबरीत लागतंय. हं… दाजींना सांगितलं? सुनंला?… कोणालाच न्हाई.

न्हाई, भ्या घालत न्हाई मी. शिबिरात बाईंनी मिसरीवाल्या बायांना आरसा देऊन दाखवलं व्हतं. असला चट्टा पंधरा दिवसांत गेला न्हाई तर दाखवायचाच, म्हणल्या. लवकर दाखवला तर इलाज हाय… कॅन्सर?… असंल बी, नसंल बी. तुमाला काय कळतंय, मला काय कळतंय? बाई बघतील ना. तुमी मिसरी लावलेल्या बोटानंच चट्टा चाचपत बसलाय इतके दिवस…

थांबा, थांबा… आक्का, हे उठून बसलेत… काय ओ? काय पायजे?… हां, आक्काच हायेत फोनवर… हो, त्यांच्याच तोंडात. चट्टा पडलाय आतनं… न्हाई, कोणालाच न्हाई सांगितलं… काय? फोन? तुमाला बोलता येतंय का?… बरं, बरं, ओढू नका! हर्षे, वायर सोडव, खाटंच्या पायाला गुतलीय…

आक्का, ह्यांच्या कानाला लावते. त्यांना बोलता येणार न्हाई, तुमी बोला. पण रडत नका बोलू…

…

…

झालं?… द्या इकडं. हळू… हॅलो, आक्का. काय म्हणले?… नुसतं 'ऊं ऊं' तर ऐकलं मी… 'तू चल' म्हणले? तुमाला बरं कळलं… न्हाई, खरं असंल, खरं असंल. सदरा शोधत्यात… हो ना, खाली उतरलेत. चपला बी घातल्या, उलट्या पायांत… हर्षे, नीट घाल त्यांच्या पायात.

उद्या?… न्हाई, आक्का, उद्या न्हाई. दाजी शेतातनं आल्यावर न्हाई. ऐका मपलं. हा माणूस सकाळपासनं सोताच्या जिवासाठी उठला न्हाई, तुमच्यासाठी उठलाय. तुमच्या शिनोलीच्या फाट्यावर तुमी दिसला न्हाईत तर जीपमधनं उतरून माघारी येतील, मी वळखते त्यांना. शिनोलीवरनंच जायचंय आमाला. तशाच निघा… लुगडं कशाला बदलताय? तोंड दाखवायचंय तिथं…

भ्या वाटतंय?… वाटंल. त्यांना बी वाटतंय, सदऱ्याचं बटण लागंना. मी बसते ना दोघांच्या मधी…

कोणाचा, मपला आवाज?… काय न्हाई झालं आवाजाला… न्हाई ओ, रडत कुठं. धूर गेलाय डोळ्यांत, चुलीचा…

न्हाई, आक्का. गॅस हाय आता आमच्यात. धूर कुठला… रडतेयच.

हॉर्न वाजला. आली जीप… हर्षे, बाबांचा दुसरा हात धर. आक्का, निघा तुमी. ठेवते.