हौसाक्का कोपऱ्यातून उठली

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा. आज मी रागात आहे, आणि रागातच सांगणार आहे. माणूस सकाळी अंथरुणातून उठतो कशासाठी? बोला! पुढचे म्हणतात, देवासाठी. हो का? मग उठल्या उठल्या हात चहाच्या कपाकडे का जातो? मागचे म्हणतात, पोटासाठी. मग पोट भरलेली माणसं भिंतीकडे तोंड करून का पडून असतात?

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं हौसाक्का नावाची बाई. मूलबाळ नाही. घरात ती आणि नवरा सखोबा, गोठ्यात मोरी नावाची म्हैस. मोरीचं रेडकू जन्मताच दगावलेलं. रेडकू नाही, तर म्हैस पान्हा सोडते होय? पण हौसाक्का जवळ बसायची, कासेवरून कोमट पाण्याचा हात फिरवायची, "आले गं बाई, आले" म्हणायची, की मोरी दूध द्यायची. दुसऱ्या कुणाला नाही! सखोबालासुद्धा नाही.

आणि एक दिवस सखोबा गेला. शेतातलं तण भांगलता भांगलता बांधावर टेकला, तो उठलाच नाही.

माणसं जमली. हौसाक्काला माजघराच्या कोपऱ्यात बसवलं. रीतच ती! नवरा गेला की बाईनं कोपरा धरायचा, दिवसकार्य होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिला ज्ञान शिकवायचं. 'देवाची मर्जी.' 'नामस्मरणात मन रमव.' 'जगायला पाहिजे बाई, धीर धर.' अहो, पण कशाच्या जिवावर धरायचा? ते एकानं सांगितलं नाही! तिनं अन्न सोडलं. ताट यायचं, तसंच परत जायचं. डोळे मिटावेत आणि परत उघडूच नयेत, एवढंच तिच्या मनात होतं.

तिकडं गोठ्यात मोरी ओरडत होती. कास तट्ट फुगली, दगडासारखी झाली. हात लावला की लाथ!

आता शहाणपण ऐका. सखोबाची बहीण रखमाक्का कार्याला आली होती. ती धाकट्या भावाला म्हणाली, "दौलत, हिचं लुगडं नेस आणि धार काढायला जा. वासानं फसंल ती." आणि दौलत नेसला की! मिशीला पीळ, अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात चरवी! हसताय? हसा. मोरीही घटकाभर बघत राहिली असेल. मग अशी लाथ घातली, की चरवी उकिरड्यावर आणि दौलतराव शेणात!

पुरे आता हसणं. मला सांगा, बाप्यानं बाईचं लुगडं नेसलेलं चाललं! पण ज्या बाईचं ते लुगडं, तिनं गोठ्यात पाऊल टाकलेलं चालेना! ही अक्कल कुठल्या शास्त्रात लिहिलीय?

दौलत लंगडत आत आला. "अंगात ताप भरलाय म्हशीच्या. ती काय आता जगत नाही," म्हणाला. कोपऱ्यातून हौसाक्कानं ते ऐकलं. इतके दिवस कानावर 'तू जग, तू जग' एवढंच पडत होतं. आज कुणीतरी दुसऱ्याच्या मरणाचं बोललं, आणि ते मरण थांबवणं तिच्या हातात होतं. ती भिंतीला धरून उठली.

"कुठं निघालीस?" रखमाक्कानं विचारलं.

"मोरीकडं."

"अगं, रीतभात हाय का न्हाई? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या, वन्सं. धनी गेले, तिथं माझं काही चाललं न्हाई. ही मला हाका मारतीया. हिलाबी जाऊ देऊ?"

रखमाक्का दारात आडवी झाली. हौसाक्कानं तिचा हात धरून तिला बाजूला केलं आणि गोठा गाठला. पाणी तापवलं, कास शेकली. कासेवरून हात फिरवला. म्हणाली, "आले गं बाई, आले," आणि पाठोपाठ हुंदका! कोपऱ्यात एकदाही न रडलेली बाई म्हशीच्या कुशीला डोकं टेकून रडली. मोरीनं लाथ मारली नाही. पान्हा सोडला.

दूध तरी कसलं? फुटकं, गाठीगाठीचं, रक्त मिसळलेलं. तिनं ते ओतून दिलं आणि पुन्हा पिळायला बसली. संध्याकाळीही तेच. काय फायदा होता तिचा? काही नाही! पण त्या रात्री तिनं आपण होऊन भाकरी मागितली. रखमाक्कानं ताट आपटलं, तोंड फिरवलं. हौसाक्का तरी जेवली, कारण पहाटे तिला उठायचं होतं.

आता म्हणाल, बुवा, ही जुनी गोष्ट, आमच्यात कुणी कोपरा धरत नाही. नाही धरत? आईच्या हातातला तवा काढून घेतलात, 'आई, तुम्ही बसा आता!' बापाच्या हातातली बाजाराची पिशवी घेतलीत, 'तुम्ही हरी हरी करा!' आणि याला सेवा म्हणता? वर मलाच येऊन विचारता, 'बुवा, वडील हल्ली जेवत नाहीत, उठत नाहीत, त्यांना चार शब्द सांगा.' नाही सांगणार! माझ्या शब्दांनी उठत नाही तो!

टाळ्या नकोत. घरी जा. त्या म्हाताऱ्याला म्हणा, 'बाबा, दाराची कडी नीट बसत नाही, आमचं अडलंय, बघता का?' आणि त्याच्या थरथरत्या हातानं ती वाकडी बसली, तर तशीच राहू द्या. मागून जाऊन सरळ करू नका!