आहुप्याची खोली

"हॅलो?… हॅलो, काकू का?… मी रोहिणी. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या इंद्रायणीची बहीण… हो, आण्याची. पण बेल्ह्यातनं बोलतेय, बूथवरनं… तिला जरा हाक मारता का?… हो, हो. धरते."

रोहिणीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. सोमवार होता. बाहेर बेल्ह्याचा बैलबाजार भरला होता, आणि बूथची काच टेम्पोच्या हॉर्ननं थरथरत होती. वडील, सोमाजी, एक मेंढा बघायला म्हणून आले होते. 'ताईला फोन करून येते' असं सांगून ती त्यांच्यापासून निसटली होती. गुरुवारी आलेल्या पाकिटाबद्दल तिनं घरी चकार शब्द काढला नव्हता. तिकडं भोसरीत, ताई ओले हात पदराला पुसत जिना उतरत असेल.

"हॅलो, ताई?… हो, मीच… समदे बरे हायेत गं. आई बरी हाय. आबा बाजारात हायेत… न्हाई, रडत न्हाई. लाइनच अशी खरखरतेय… अगं ऐक ना. पाकीट आलं… न्हाई, न्हाई, भावजींना हाक नको मारू. थांब. ताई, ऐक आधी. घेतलं न्हाई मला."



"हॅलो? हायेस का?… हो. न्हाई घेतलं… अगं नीट वाचलंय. धा वेळा वाचलंय. 'आपली निवड होऊ शकली नाही.' त्यात चुकीचं वाचायला काय हाय?"

पुण्यातली एक संस्था सह्याद्रीच्या माथ्यावरच्या, धो-धो पावसाच्या आहुप्याला पाऊस मोजणार होती. देवराईच्या वरच्या अंगाला एक खोली, खोलीत एक माणूस, आणि वर्षभर पाऊस, वारा, धुकं यांच्या नोंदी. जाहिरात वाचली तेव्हा रोहिणीला वाटलं, ही आपल्यासाठीच छापलीय. तिचं आणे गाव पठारावरचं, कोरडं. तिथल्या शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं एक नळकांडं होतं. सातवीत असताना गुरुजींनी ते तिच्या हवाली केलं, आणि कॉलेज संपेपर्यंत तिनं ते सोडलं नाही. नऊ वर्षांची वही. पानंच्या पानं नुसती शून्यं.

"न्हाई गं, मुलाखत चांगलीच झाली व्हती. तेच तर समजत न्हाई… अगं सांगितलं व्हतं ना तुला? इतरांना धा-धा मिनिटं, आन् मला तासभर. ते पिकल्या केसांचे साहेब वहीचं पान न् पान बघत व्हते. म्हणले, 'पाऊस नसला तरी रोज लिहिलंत?' मी म्हणलं, 'नसला हे पण लिवावं लागतंय ना सर.' तर ते त्या म्याडमकडं बघून हसले… चांगलं हसले गं. टिंगलीचं न्हाई… हो, चहा पण दिला. आन् म्याडमनी विचारलं, पायाचा नंबर काय. गमबूट मागवायचे म्हणून… पाच! पाच सांगितला. आता तूच सांग. पायाचा नंबर विचारल्यावर माणसानं काय समजायचं?"

"…हो. वही ठेवून घेतली व्हती त्यांनी. 'राहू दे आमच्याकडे' म्हणले. म्हणून तर पाकीट जाड व्हतं. पोस्टमन लांबनंच ओरडला, 'पोरी, लई जाड हाय गं!' मला वाटलं ऑर्डर, नकाशे, कायतरी… उघडलं तर माझीच वही. आन् तिच्यात चिठ्ठी."

तिनं डोळे मिटले. बूथवाल्या लंकाबाईनं काचेतून खुणेनं विचारलं, 'पाणी देऊ?' रोहिणीनं नको म्हणून मान हलवली.

"…कुणाला घेतलं? चिठ्ठीत लिवलंय ना. 'स्थानिक उमेदवारास प्राधान्य.' तिथलीच एक पोरगी हाय, बाहेर बाकावर माझ्या शेजारीच बसली व्हती. बारावी झालेली… न्हाई, तिला कशाला शिव्या देतेस? तिनं मला सांगितलं, तिकडं श्रावणात चूल पेटायला दुपार व्हते. मीच तिला विचारत बसले, धुकं घरात येतं का? ती म्हणली, 'येतं की. आल्यावर बसतं.' पाहुण्यावानी… चांगली हाय गं पोरगी. वाईट असती तर बरं झालं असतं."

"…ऐकतेय. बोल… चाकणला?… कंपनीत, पॅकिंगला. हां… हां, भावजींनी विचारलं ते बरं केलं. करीन. ताई, करीन मी, न्हाई म्हणत न्हाई. फक्त आज नको विचारू… कारण मी अजून तिथंच हाय."

"…तिथं म्हंजी आहुप्याला. अगं, अठरा दिवस राह्यले मी तिथं… वेड न्हाई लागलं. ऐक तरी. मुलाखतीच्या तिथं भिंतीवर त्या खोलीचा फोटो व्हता. एक खिडकी, एक दगडी पायरी, मागं देवराई. तेवढाच. पण घरी आल्यापासनं रोज मी त्या पायरीवरनं चढायची. मेंढरांना पाणी पाजताना, भाकरी थापताना. सकाळी सातला उठून नळकांडं मोजायचं. वर झाडं एवढी दाट की दुपारी पण कंदील लागायचा. तिथं कुणी काडी पण तोडत न्हाई ना, म्हणून पानांचा खच, पाय टाकला की आवाजच न्हाई. आन् समदीकडनं पाणी बोलतंय. दिसत न्हाई, नुसतं बोलतंय. टेबलावर वही उघडली की धुकं यायचं आन् शाई फुटायची. मंग मी पेन्सिलनं लिवायची… हो, पेन्सिल घेतली व्हती की खरीखुरी. आळेफाट्यावरनं."

"…हस. हस तू. मांजर पण व्हतं माझं… काळं… न्हाई, नाव न्हाई ठेवलं. ठेवणार व्हते."

अठरा दिवसांत हे सगळं तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं बोलून दाखवलं होतं. बाहेर कुणीतरी बैलाचे दात बघत होतं, धूळ उडत होती, आणि तिच्या कानात मात्र अजून ते न दिसणारं पाणी वाहत होतं.

"…ताई? तू रडतेस व्हय?… मंग नाक कशाला ओढतेस?… नको गं. आपण दोघी रडलो तर कसं व्हायचं… न्हाई. न्हाई सांगितलं. आबांना कसं सांगू? त्यांनी वाडीभर सांगितलंय, पोरगी पाऊस मोजायच्या हापिसात चालली. शेजारचा जालिंदरदादा तर मला 'सायेब' म्हणतोय… आजच? इथंच?… बाजारात कसं… अगं ते बघ, आलेच. दारात उभे हायेत. विचारतायत झालं का… न्हाई, तू नको ठेवू. धरून ठेव. तू असलीस की सांगीन."

सोमाजी दार लोटून अर्धे आत आले. मुंडाशावर धूळ होती. मेंढा पटला नव्हता, हात रिकामेच होते. रोहिणीनं रिसीव्हर छातीशी धरला.

"आबा, ती नोकरी… आहुप्याची. मिळाली न्हाई मला. गुरवारीच कळलं. मी बोलले न्हाई."

सोमाजींनी मुंडासं काढून त्यावरची धूळ झटकली. मग त्यांनी काहीतरी विचारलं. तिनं रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"ताई, ऐकलंस?… हो, सांगितलं… न्हाई, रागावले न्हाईत. म्हणतायत, परत कवा बोलावलंय… आबा, परत न्हाई बोलवत. त्यांनी दुसरी घेतली. झालं ते… काय?… थांब गं ताई, एकदम नको बोलू… काय म्हणलात?"

चाळीस वर्षं मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेल्या त्या माणसाला एक गोष्ट उमजत नव्हती. बोलावलं नाही म्हणून जायचं नाही, हे कसं?

"ताई, ते म्हणतायत… म्हणतायत, नोकरी त्यांची, पर डोंगर त्यांचा हाय का?… हो, असंच म्हणले. आपण बघून येऊ म्हणतायत. त्यांनी पण न्हाई बघितलं आहुपे."

"…बरं वाटतंय असं न्हाई. दुखतंयच. तिथं गेले, ती पायरी दिसली, आन् त्या पायरीवर ती पोरगी बसलेली दिसली, तर?… हां… हां, खरं हाय. तिला धुक्याचं विचारीन अजून. तेवढं तर विचारता येईल."

"…चाकणचं आल्यावर सांगते. सांगते गं, शप्पथ… आबा? अवो आबा!… अगं ते निघाले. मुंडासं बांधत बांधतच… घराकडं न्हाई गं, आण्याची जीप इकडं लागते. ते स्टँडाकडं चाललेत… आहुप्याला जायला घोडेगावची यष्टी विचारायला! आज! ताई, ते खरंच चाललेत. आईला निरोप… लंकाबाईकडनं धाडते, तू नको काळजी करू. ठेवते… ठेवते, ताई. ते लांब गेले बघ."