दोन डाळ मिल आणि एक प्रोफेसर

साकेत : आई, काकू, स्क्रीनवर बघा ना. हा निळा गोल म्हणजे आईची डाळ मिल. हा केशरी, काकूंची.

रजनीकाकू : माहा गोल लहान काहून?

साकेत : तुमचा खप कमी आहे, काकू.

बेबीताई : बराबर हाये.

रजनीकाकू : बराबर म्हने! अख्ख्या दारव्ह्यात इचार, कोनाची डाळ साफ निंघते.

साकेत : तेच सांगतोय. दोन्ही मिल एका गल्लीत, समोरासमोर. दोन्ही मशीन दुपारनंतर बंद. एकत्र केल्या तर...

बेबीताई : बावीस वर्सं कॉलेजात हेच शिकवून राह्यला ना तू? कंपन्याइचे लग्नं लावनं?

साकेत : विलीनीकरण, आई. कॉर्पोरेट फायनान्समधला विषय आहे.

बेबीताई : मंग आतापर्यंत किती लावले?

साकेत : मी शिकवतो. लावत नाही.

रजनीकाकू : एकबी नाई?

साकेत : मुलाखतीत हेच विचारलं त्यांनी. एका कॉलेजच्या डायरेक्टरच्या जागेसाठी. 'सर, तुम्ही स्वतः एखादा सौदा जुळवलाय?' सोमवारी परत बोलावलंय.

बेबीताई : म्हनून पुन्याहून धावत आला! मले वाटलं, मायची आठवन आली.

साकेत : तीही आली. बरं, नाव काय ठेवायचं?

बेबीताई : बेबी डाळ मिल.

रजनीकाकू : अन् माहं नाव पुसाचं?

साकेत : रजनी-बेबी?

बेबीताई : मी थोरली हावो.

साकेत : मग 'संयुक्त डाळ मिल'.

बेबीताई : सहा वर्सं जिनं माह्या घरचं पानी नाई पेलं, तिच्यासंगं कायचं संयुक्त?

रजनीकाकू : यवतमाळले ह्याइचं ऑपरेशन झालं, तवा कोन आलं होतं? मी एकटी बसली होती दवाखान्यात.

बेबीताई : मले कोनं सांगतलं? माह्या दिराचं पोट फाडलं, अन् मले खबर गल्लीतून!

रजनीकाकू : हमालाच्या हाती निरोप धाडला होता. देवसिंगच्या.

बेबीताई : देवसिंग? तो तवा तिकूनच झरीले गेलता, साळीच्या लग्नाले. आठ दिवस मिलवर आलाच नाई.

रजनीकाकू : मंग निरोप?

बेबीताई : नाई भेटला, माय.

साकेत : आता ही बारावी स्लाइड...

दोघी : थांब रे!

रजनीकाकू : मी समजत राह्यली, जाऊबाईले आमची फिकीर नाई.

बेबीताई : अन् मी समजली, तुले मी नकोच हावो.

(साकेत लॅपटॉप मिटतो.)

रजनीकाकू : मशीन तुमची ठेवू. माही पुरानी झाली.

बेबीताई : पन चाळन्या तुह्याच लावू. डाळ साफ निंघते तुही, खोटं कायले बोलू?

रजनीकाकू : नाव बेबीच राहू द्या.

बेबीताई : काहून? रजनी चांगलं दिसते पाकिटावर.

साकेत : अगं, पण हिस्से? मूल्यांकन?

बेबीताई : कर ना तू आरामात.

साकेत : मग मी सोमवारी काय सांगू? सौदा कसा जुळवला म्हणून?

रजनीकाकू : सांग, मधात बोलाले गेलो, त दोघीनं चूप बसवलं.

साकेत : त्यात मी काय केलं, काकू?

बेबीताई : चूप बसला ना बाप्पा. तुह्या बापानं बोलनं थांबवलं नसतं.